मास्तर पुन्हा बाकावर

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या किंवा मोर्शी-वरुडकडच्या एखाद्या संत्रा बागायतदाराला विचारा, "पावणेदोन एकराचे अर्ध्या-अर्ध्या एकराचे तुकडे पाडले तर किती पडतील?" कागद-पेन्सिल न मागता तो सांगेल, साडेतीन. हाच प्रश्न वर्गात फळ्यावर गेला की त्याचं रूप पालटतं. एक पूर्णांक तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश. वर्ग गप्प होतो. मग पहिल्या बाकावरचं एखादं पोर पाठ केलेली रीत म्हणून दाखवतं : दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. उत्तर साडेतीनच येतं. पण उलटा का करायचा, असं त्याला विचारलं तर ते मास्तरांकडे बघतं. आणि पुष्कळदा मास्तर घड्याळाकडे बघतात.

रीत बाजूला ठेवून तुकडे मोजायला सांगितले की वर्गात आणखी एक उत्तर येतं : सव्वातीन. ते चूक आहे, पण आंधळं नाही. मुलाने अर्ध्या एकराचे तीन तुकडे बरोबर पाडलेले असतात. दीड एकर संपतो, पाव एकर उरतो. तीन तुकडे आणि वर पाव, म्हणून सव्वातीन. गोम इतकीच की उरलेला भाग एकराच्या मानाने पाव असला तरी तुकड्याच्या मानाने अर्धा आहे. मोजण्याचं माप मध्येच बदललं आणि ते मुलाच्या लक्षात आलं नाही. या उत्तरावर लाल फुली मारायला एक क्षण पुरतो. त्यामागचा विचार ओळखायला मात्र शिक्षकाला अपूर्णांक आतून माहीत असावे लागतात.

भागाकाराच्या याच उदाहरणाने जगभरच्या गणितशिक्षणात मोठी खळबळ उडवली होती. लिपिंग मा या चिनी अभ्यासक बाईंनी ते अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवलं. चीनच्या सगळ्या ७२ जणांचं उत्तर बरोबर आलं. अमेरिकेच्या २३ पैकी पूर्ण आणि बरोबर उत्तरापर्यंत पोचले ते ९. पुढचा प्रश्न जास्त अवघड होता : या भागाकारावर बेतलेलं एक शाब्दिक उदाहरण तयार करा. चीनच्या ६५ शिक्षकांनी मिळून ऐंशीहून जास्त उदाहरणं रचली. अमेरिकेतल्या अनेकांनी अर्ध्याने भागणं आणि दोनाने भागणं यांचीच गल्लत केली. हे सगळं बाईंच्या १९९९ साली आलेल्या पुस्तकात आहे आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या चर्चेत त्याचा हवाला अजून दिला जातो.

पण पुस्तकाइतकीच बाईंची स्वतःची वाटचाल पाहण्याजोगी आहे. त्या मूळच्या शांघायच्या. आठवीपर्यंत शिक्षण झालं आणि सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेत त्यांना डोंगराळ भागातल्या एका खेड्यात पाठवलं गेलं. गावकऱ्यांनी त्यांना शाळेत मुलांना शिकवायला बसवलं. पुढे त्या मुख्याध्यापक झाल्या, शिक्षण खात्यात अधिकारी झाल्या. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर त्या पुन्हा विद्यार्थी झाल्या. आधी शांघायला पदव्युत्तर शिक्षण, मग अमेरिकेत मिशिगन आणि शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट. वर्गात वर्षानुवर्षं जे डोळ्यांसमोर घडत होतं, त्यावर नेमका प्रश्न बेतण्याची ताकद त्यांना या दुसऱ्या शिक्षणाने दिली. प्रश्नाचं बी मात्र खेड्यातल्या शाळेत पडलेलं होतं.

आपल्याकडे शिक्षकाने पुढे शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "त्यानं काय मिळणार?" वरिष्ठ वेतनश्रेणी, निवडश्रेणी, पदोन्नती, नाहीतर कनिष्ठ महाविद्यालयात जाण्याची वाट. ही कारणं खोटी नाहीत. अकरावी-बारावीला गणित शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड. लागतंच. पण शिकवणारा माणूस पुन्हा शिकायला बसला की त्याच्या शिकवण्याचं काय होतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर द्यायला महाराष्ट्रातच चांगली उदाहरणं आहेत.

लग्नानंतर सोळा वर्षांनी

मंगला नारळीकर हे नाव बहुतेक वाचकांना ठाऊक असतं ते डॉ. जयंत नारळीकरांच्या पत्नी म्हणून, किंवा 'गणितगप्पा'च्या लेखिका म्हणून. १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात त्या पहिल्या आल्या आणि कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचं काम सुरू झालं होतं. मग लग्न झालं, केंब्रिजला बिऱ्हाड गेलं, तिथे काही काळ विद्यापीठातल्या मुलांना त्यांनी गणित शिकवलं. मुली झाल्या. १९७२ मध्ये कुटुंब मुंबईला परतलं आणि घरात सासू-सासरे, मुली, येणारे-जाणारे असा भरला संसार सुरू झाला. आपल्या पिढीच्या शिकलेल्या बायकांना घर आधी आणि करिअर नंतर असंच वळण लावलेलं होतं, हे त्यांनी स्वतःबद्दल लिहिताना स्वच्छ सांगितलं आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही.

सत्तरच्या दशकात त्या टाटा संस्थेत पुन्हा गणिताकडे वळल्या. विषय होता विश्लेषक अंकशास्त्र. १९८१ साली, म्हणजे लग्नानंतर सोळा वर्षांनी, त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. एम.ए. होऊन तेव्हा सतरा वर्षं उलटून गेली होती.

त्यांच्या संशोधनातला एक भाग 'चाळणी'शी निगडित होता, आणि चाळणी ही शाळेतल्या मुलांच्याही ओळखीची आहे. एक ते शंभर आकडे मांडायचे. एक खोडायचा. दोन ठेवून दोनाच्या पाढ्यातले बाकीचे सगळे खोडायचे. मग तीन ठेवून तिनाच्या पाढ्यातले, मग पाचाच्या, मग साताच्या. शेवटी २५ आकडे चाळणीत शिल्लक राहतात, त्या मूळसंख्या. ग्रीक गणिती इरॅटोस्थेनीसच्या नावाने ही रीत दोन हजारांहून जास्त वर्षं चालत आली आहे. शंभरापर्यंत हा खेळ आहे. पण आकडे अफाट वाढत गेले की चाळणीत किती उरतील याचा अंदाज बांधणं हे विसाव्या शतकातल्या गणितातलं अवघड काम ठरलं. ज्याने ही वरची बाजू पाहिली आहे तो मुलांना चाळणी शिकवताना 'खोडा आणि गोल करा' एवढ्यावर थांबत नाही. साताच्या पुढे अकराच्या पाढ्याने खोडायची गरज का पडली नाही, असा प्रश्न तो सहज टाकतो. (अकराने भाग जाणारा, पण दोन, तीन, पाच, सात यांपैकी कशानेच भाग न जाणारा पहिला आकडा, खुद्द अकरा सोडला तर, १२१ आहे, म्हणजे शंभराच्या बाहेर.) मुलं वही पुढे ओढतात ती अशा प्रश्नांना.

पीएच.डी.नंतर मंगलाताईंनी मुंबईत आणि पुढे पुणे विद्यापीठात वरच्या वर्गांना शिकवलं. पण त्यांचं मन रमलं ते लहान मुलांच्या गणितात. मराठीत त्यांनी पुस्तकं लिहिली, लेख लिहिले, आणि बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. तिथेच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाद त्यांच्या वाट्याला आला.

त्रेपन्न आणि पस्तीस

जून २०१९. दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि महाराष्ट्रभर हसण्या-रागावण्याला ऊत आला. एकवीसपासूनच्या आकड्यांसाठी पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर 'वीस एक', 'साठ तीन', 'सत्तर दोन' असं वाचनही दिलं होतं. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली, विधिमंडळात टिंगल झाली, मोबाइलवर विनोदांचा पूर आला. आपण मराठी बुडवायला निघालेल्या बाई आहोत असं चित्र उभं राहिलेलं त्यांना पाहावं लागलं. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या.

त्यांचं म्हणणं शिक्षकाला पटकन कळतं. पहिली-दुसरीतल्या मुलाला "त्रेपन्न लिही" म्हटलं की त्याच्या कानावर आधी तिनाचा आवाज पडतो. ते आधी ३ लिहितं, मग ५. झाले ३५. उच्चार उजवीकडून डावीकडे, लेखन डावीकडून उजवीकडे. त्यात जोडाक्षरं आणि बदलती रूपं. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न यांत पन्नास शोधायचा कुठे? एकोणसाठ ऐकू येतो साठाच्या घरातला, असतो पन्नाशीतला. वर नव्व्याण्णव या नियमातही बसत नाही. कानडी, तेलुगू, तमिळ या भाषांत आणि इंग्रजीतही आधी दशक आणि मग एकक असं बोललं जातं, तिथल्या मुलांना ही अडचण येत नाही, असं त्या सांगत. जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत, हेही त्यांनी पुन्हा पुन्हा स्पष्ट केलं.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. घरी आजी त्रेसष्ठच म्हणणार, बाजारात भाव तसाच सांगितला जाणार, पाढ्यांची लय जुन्या शब्दांवरच बसलेली. शाळेत एक आणि ओट्यावर दुसरं, असं झालं तर मुलाचा गोंधळ वाढेल, अशी भीती अनेक अनुभवी शिक्षकांनाही वाटली. अशा बदलाचा अनुभव जगात इतरांनी घेतलेला आहे. नॉर्वेमध्ये 'तीन आणि पन्नास' असं म्हणत. तिथल्या संसदेने ठराव केला आणि १९५१ पासून शाळांत 'पन्नास तीन' सुरू झालं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुनी रीत पुढची कित्येक वर्षं राहिली आणि दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदल्या.

वाद कुणी जिंकला हा इथला मुद्दा नाही. अंकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईंना सत्तरी उलटल्यावर दुसरीतलं पोर ५३ ऐवजी ३५ का लिहितं हा प्रश्न मोलाचा वाटला, हे लक्षात घेण्याजोगं आहे. वरचं गणित शिकलेली माणसं प्राथमिक शाळेकडे सहसा वळत नाहीत. वळली तर मुलाच्या चुकीला निष्काळजीपणा न म्हणता त्या चुकीचं कारण शोधतात. १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात मंगलाताईंचं निधन झालं. आकड्यांच्या वाचनावर आजही शिक्षकांच्या बैठकीत चर्चा निघाली की त्यांचं नाव निघतंच.

नागपूरहून चॅपल हिलला

दुसरं उदाहरण विदर्भातलं. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, आजच्या मध्य प्रदेशातल्या सागरचा. मोठं कुटुंब, बेताची परिस्थिती. शिष्यवृत्तीच्या बळावर ते नागपूरला शिकले, सुवर्णपदक मिळवून पदवीधर झाले आणि काही काळाने तिथल्याच सायन्स कॉलेजात गणित शिकवू लागले. सरकारी महाविद्यालयातली नोकरी. त्या काळी एवढ्यावर आयुष्य निभावलं असतं. पण १९४७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिलला विद्यार्थी म्हणून दाखल झाले. मार्गदर्शक होते राजचंद्र बोस, ज्यांची ओळख कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेतली. १९५० मध्ये पीएच.डी. घेऊन श्रीखंडे परत आले आणि पुन्हा नागपुरात शिकवू लागले.

त्यांचं नाव ज्या कोड्यामुळे जगात झालं, ते पत्त्यांवर घरी करून पाहता येतं. चार रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम असे सोळा पत्ते घ्या. चार ओळी आणि चार रकाने अशी मांडणी करा, की कोणत्याही ओळीत वा रकान्यात तोच हुद्दा किंवा तोच रंग दोनदा येणार नाही. थोड्या खटपटीने जमतं. लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये हेच कोडं सहा पलटणी आणि सहा हुद्द्यांच्या छत्तीस अधिकाऱ्यांसाठी मांडलं आणि ते सुटणार नाही असं म्हटलं. पुढे जाऊन त्याने अंदाज बांधला की ६, १०, १४, १८ अशा आकड्यांसाठी ही मांडणी कधीच होऊ शकत नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर ठरला. गॅस्टन टॅरी या फ्रेंच माणसाने विसाव्या शतकाच्या तोंडाशी एकेक शक्यता तपासून ते सिद्ध केलं.

बाकीच्या आकड्यांचा निकाल लागायला १९५९ उजाडलं. बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी मिळून दाखवून दिलं की दोन आणि सहा सोडले तर बाकी सगळ्या आकड्यांसाठी मांडणी होते, दहासाठीसुद्धा. १७७ वर्षं टिकलेला ऑयलरचा अंदाज कोसळला. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. या मांडण्या केवळ करमणुकीच्या नाहीत. शेतात कोणतं बियाणं कोणत्या खतासोबत कुठल्या वाफ्यात लावून पाहायचं, म्हणजे जमिनीच्या कसातला फरक निकालात घुसणार नाही, याचे आराखडे याच गणितातून निघतात. कृषी विद्यापीठांतल्या वाफ्यांच्या प्रयोगांचे आराखडे याच घराण्यातले.

श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि तिथे त्यांनी विद्यार्थ्यांची फळी उभी केली. २१ एप्रिल २०२० रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. नागपूरच्या प्राध्यापकाने मधल्या तीन वर्षांत पुन्हा वही-पेन घेऊन बाकावर बसायचं ठरवलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

याउलट दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९२९ मध्ये पदवी घेतली, १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवलं, पुढची पदवी कधीच घेतली नाही. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि मग तो ६१७४ वरच अडकून राहतो. हा त्यांचा शोध. गणितलेखक मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यावर लिहिलं तेव्हा जग या शाळामास्तरांकडे वळलं. शिकत राहायला विद्यापीठ लागतंच असं नाही, हे कापरेकर सांगतात. पण विद्यापीठाचं दार उघडं असतं तर त्यांना वाचक आणि सोबती आयुष्यात कितीतरी लवकर भेटले असते, हेही त्यांच्याच चरित्रातून दिसतं.

म्हाइंभटांचं गाव

शिकलेल्या माणसाने पुन्हा शिकायला बसण्याचा सर्वांत जुना मराठी दाखला वऱ्हाडातल्या रिद्धपूरशीच जोडलेला आहे. सराळ्याचे म्हाइंभट हे नावाजलेले पंडित. विद्येचा अभिमान बाळगणारे, वादात समोरच्याला चीत करायला निघालेले. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्याशी चर्चा करायला गेले आणि निरुत्तर झाले. पुढे चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात जमलेल्या मंडळींत म्हाइंभट होते. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या मदतीने त्यांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचं, मग तो शेतकरी असो की गुराखी, की एखादी म्हातारी. त्याच्या सवडीने ऐकायचं, पुन्हा नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा रीतीने 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मिळाला तो एका पंडिताने अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांसमोर विद्यार्थी होऊन.

याच मंडळींत भाषेचा प्रश्नही निघाला होता. धर्मविचार संस्कृतात मांडावा असं काहींना वाटे. नागदेवाचार्यांनी ते नाकारलं, कारण त्यामुळे साध्या बाया-बापड्या ज्ञानापासून वंचित राहिल्या असत्या. सातशे वर्षांनंतर गणिताचा मराठी शिक्षक याच प्रश्नापुढे उभा असतो. दहावीपर्यंत त्याचं गणित मराठीत, अकरावीपासून इंग्रजीत, एम.एस्सी. तर पूर्ण इंग्रजीत. मग नोकरी लागली की पुन्हा मराठीत शिकवायचं. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं की गणिताच्या शिक्षकाची नाळ दोनदा तुटते. विद्यापीठात गेल्यावर शाळेचं गणित विसरायला लागतं आणि शाळेत परतल्यावर विद्यापीठाचं. आपल्याकडे या दोन्ही वेळी भाषाही तुटते. बीजगणितातला 'ग्रुप' किंवा 'फील्ड' शिकून आलेल्या शिक्षकाला आठवीच्या वर्गात समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून एकच संख्या वजा का करता येते हे त्याच आधाराने मराठीत सांगता येईल, असा पूल कुणी बांधून दिलेला नाही.

वाट कुठे अडते

नियम आता पूर्वीइतके आड येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता दिली आहे. नोकरी देणाऱ्या संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. साधारण मुदत सहा वर्षांची, महिलांना दोन वर्षं जादा, आणि मातृत्वासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. त्याच वर्षापासून दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे. वऱ्हाडात १ मे १९८३ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, अमरावतीचं विदर्भ महाविद्यालय तर १९२३ चं. सरकारी व्यासपीठांवर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत ऐकता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण हवं असं म्हटलं आहे.

अडतं ते रोजच्या व्यवहारात. नियमित एम.एस्सी.चे तास शाळेच्याच वेळेत भरतात. निवडणूक आणि जनगणना या कामांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने मुभा दिलेली आहे, आणि ती कामं येतात तेव्हा अभ्यास बाजूला पडतो. प्रशिक्षणाचे ५० तास बहुतेकदा मोबाइलवरच्या चित्रफिती आणि बहुपर्यायी चाचणी यांत संपतात, त्यात गणित थोडं आणि अहवाल जास्त असतो. चाळिशीतल्या बाईंना विद्यापीठात जायचं तर घरचा स्वयंपाक, मुलांचे पेपर आणि मुख्याध्यापकांची परवानगी हे तिन्ही जमवावं लागतं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून "मला हे कळलं नाही" असं म्हणणं. वीस वर्षं खडू हातात धरल्यावर ते जड जातं.

तरी हेच म्हणायला लागणं, हा या शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ आहे. शिक्षकाला आपला विषय इतका सवयीचा झालेला असतो की तो एकेकाळी अवघड होता हे त्याला आठवत नाही. वास्तव विश्लेषणातली सीमा, एप्सिलॉन आणि डेल्टा यांच्या व्याख्येपुढे तीन रात्री डोकं धरून बसलेल्या माणसाला हातच्याची वजाबाकी न जमणाऱ्या मुलाची अवस्था पुन्हा ओळखीची वाटते. लिपिंग मा यांनी पाहिलेले चिनी शिक्षक फार पदव्या घेतलेले नव्हते. ते एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा काथ्याकूट करत, एकमेकांचे तास पाहत. म्हणजे विद्यार्थीपण टिकवायला विद्यापीठ ही एक वाट आहे, शिक्षकांची खोली ही दुसरी. आपल्या बहुतेक शाळांत सध्या दोन्ही बंद आहेत.

वऱ्हाडापुरतं तरी काही लगेच करता येण्याजोगं आहे. अमरावती विद्यापीठाच्या गणित विभागाने नोकरीतल्या शिक्षकांसाठी दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चालणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा, आणि त्यात एक पेपर शालेय गणिताकडे वरून पाहणारा असावा : अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करतात, ऋण गुणिले ऋण धन का, भूमितीत सिद्धता कशाला म्हणायचं. त्यासाठी लागणारं मराठी लेखन रिद्धपूरला नव्याने स्थापन झालेल्या मराठी भाषा विद्यापीठाने करून द्यावं. मराठीचं विद्यापीठ म्हणजे केवळ साहित्याचं विद्यापीठ नव्हे, हे दाखवण्याची ही चांगली संधी आहे. संस्थाचालकांनी ना-हरकत प्रमाणपत्राची फाइल महिनोन् महिने दाबून ठेवू नये. आणि पालकांनी, आपल्या मुलाचे गणिताचे सर परीक्षेच्या रजेवर गेले म्हणून शाळेत तक्रार नेण्याआधी, ती परीक्षा सरांचीच आहे का एवढी चौकशी करावी. तसं असेल तर आठवडाभर एखाद्या दुसऱ्या बाईंनी वर्ग सांभाळला तरी मुलाचं नुकसान होणार नाही.